९५९: एक कमी नाही, एक जास्त नाही

पावसाळ्यात नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरच्या रानातून मूठभर ओली माती उचला. हाताला गारवा लागेल, फार तर एखादं गांडूळ वळवळेल. डोळ्यांना न दिसणारं मोठं खटलं मात्र त्या मुठीत असतं: सूत्रकृमींचं, आणि तेही शेकड्यांनी. शेतकऱ्याला सूत्रकृमी ठाऊक असतो तो वैरी म्हणून. वांग्या-टोमॅटोचं वाळत चाललेलं झाड उपटावं तर मुळ्यांना गाठीच गाठी. जुन्या माणसांना त्याच कुळातला नारू ठाऊक आहे. पिण्याच्या पाण्यातून पोटात जायचा, वर्षभराने पायातून बाहेर निघायचा आणि काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागायचा. नारूची मादी मीटरभर लांब भरते. भारत नारूमुक्त झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली शिक्कामोर्तब केलं. कुळातला सर्वांत लांब गडी राहतो स्पर्म व्हेलच्या वारेत, त्याची लांबी ८ मीटरपर्यंत. आणि मुठीतले ते शेकडो? बहुतेक मिलिमीटरभर, किंवा त्याहूनही लहान.

२०१९ साली ‘नेचर’मध्ये या खटल्याची शिरगणती छापून आली. जगभरातले मातीचे साडेसहा हजारांहून अधिक नमुने तपासून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला की जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ४४ लाख कोटी कोटी सूत्रकृमी आहेत. अंकांत लिहायचं तर ४४ वर १९ शून्यं. तेव्हाच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी ५,७०० कोटी. सगळ्यांचं मिळून वजन ३० कोटी टन, म्हणजे जगातली सगळी माणसं तराजूत घातली तर त्यांच्या सुमारे ८० टक्के. पृथ्वीवरच्या दर पाच प्राण्यांतले चार सूत्रकृमी आहेत.

असा आकडा ऐकला की माणूस तोंडात बोट घालतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. ज्या आकड्याने गेल्या पन्नास वर्षांत जीवशास्त्र उलटंपालटं केलं तो मात्र अगदी किरकोळ आहे: ९५९. या कुळातल्या एका जातीच्या प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात एवढ्याच पेशी असतात. प्रत्येक कृमीत तेवढ्याच. ९५८ नाही, ९६० नाही. संख्या इतकी पक्की असल्यामुळे कृमीच्या एखाद्या अवयवाची घडण कुठे बिघडली हे पेशी मोजून सांगता येतं. ही गोष्ट त्या मोजणीची आहे.

१ मिलिमीटरचा १ किलोमीटर

कृमीचं नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, प्रयोगशाळेत नुसतं सी. एलिगन्स. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एमिल मोपा यांनी १९०० साली अल्जीरियात त्याचं पहिलं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जो मूळ वाण पाळला जातो तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या आळिंब्यांच्या खतातून आला. त्याचा अगदी जवळचा भाऊबंद सी. ब्रिगसी, त्याचा प्रयोगशाळांतला प्रमाण वाण अहमदाबादच्या मातीतला आहे. २००३ साली सी. ब्रिगसीच्या संपूर्ण जनुकसंचाचं वाचन प्रसिद्ध झालं.

एक मिलिमीटर म्हणजे नेमकं केवढं, हे डोळ्यांपुढे आणायचं तर कृमी दहा लाख पट मोठा करू. मिलिमीटरचा किलोमीटर, मायक्रॉनचा मीटर आणि नॅनोमीटरचा मिलिमीटर होईल. इस्लापूरच्या चौकातून सहस्रकुंड धबधब्याच्या दिशेने हा कृमी आडवा घातला तर शेपूट एक किलोमीटरवर जाईल आणि अंगाची रुंदी सत्तर-ऐंशी मीटर भरेल. त्याने घातलेलं अंडं ५० मीटर लांब, ३० मीटर रुंद. तो खातो ते जिवाणू दोन दोन मीटरचे, म्हणजे आपल्याहून थोडे उंचच. याच मापाने माणूस मोठा केला तर पाय इस्लापुरात आणि डोकं श्रीनगरच्या आसपास येईल.

आता या किलोमीटरभर कृमीच्या एका पेशीत शिरू. पेशी पाच-दहा मीटरची, साधारण एखाद्या खोलीएवढी. तिच्यात डीएनएचा धागा आहे, जाडी दोन मिलिमीटर. लांबी? कृमीच्या जनुकसंचात सुमारे १० कोटी अक्षरं, दोन अक्षरांतलं अंतर ०.३४ मिलिमीटर, म्हणजे एक प्रत ३४ किलोमीटरची. पेशीत दोन प्रती असतात, एकूण ६८ किलोमीटर. खोलीत ६८ किलोमीटर धागा, गुंता न होता, हवं ते पान हव्या त्या वेळी उघडता येईल असा ठेवलेला.

मोठं केलेलं चित्र पुसून खऱ्या मापावर आलो तरी डोकं चक्रावतंच. प्रत्यक्षात पेशीमागे ६८ मिलिमीटर धागा. ९५९ने गुणलं तर ६५ मीटर. मिलिमीटरभर प्राण्यात ६५ मीटर धागा, आणि तोही कमीत कमी. कारण आतड्याच्या पेशींच्या केंद्रकांत दोन नव्हे तर ३२ प्रती असतात. तेवढ्यानेच आणखी तीसेक मीटरची भर पडते.

२० सेंटिमीटरची अट

या किलोमीटरभर कृमीवर सूक्ष्मदर्शकालाही एक मर्यादा आहे. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रॉनच्या आतले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. आपल्या मापात हे २० सेंटिमीटर. म्हणजे खोली दिसते, खोलीतलं केंद्रक दिसतं, दोन मिलिमीटरचा धागा दिसत नाही. पेशी मोजायला तेवढं पुरतं. अडचण वेगळीच आहे: कृमी काचेसारखा पारदर्शक, आणि पेशीही बिनरंगाच्या. रंग द्यावा तर कृमी मरतो, आणि मेलेल्या कृमीची वाढ कशी बघणार?

ही अडचण सोडवली जॉर्ज नोमार्स्की यांनी. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये काम केलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात एक युक्ती काढली. प्रकाशाचे दोन किरण एकमेकांपासून किंचित सरकवून नमुन्यातून पाठवायचे आणि नंतर पुन्हा एकत्र आणायचे. दाट जागेतून गेलेला किरण जरा मागे पडतो आणि तो फरक उजेड-सावलीत उमटतो. सपाट, बिनरंगी कृमीच्या जागी मग नक्षी उठवल्यासारखं चित्र दिसतं. प्रत्येक केंद्रक गोल खळगीसारखं, त्यात मध्यभागी एक बारीक उंचवटा.

काचपट्टीवर कृमी चढवण्याची कृतीही सांगण्यासारखी आहे. अगारोजच्या जेलीचा गरम थेंब काचपट्टीवर टाकून दुसऱ्या काचेने दाबायचा, की कागदासारखी चकती तयार होते. तिच्यावर भूल देणाऱ्या औषधाचा थेंब. प्लॅटिनमच्या तारेचं टोक हातोडीने चपटं केलेलं असतं, त्याला पेट्री डिशमधल्या जिवाणूंचा चिकट थर लावायचा आणि कृमीला हलकेच टेकवायचं, की तो चिकटून येतो. थेंबात तार बुडवली की तो सुटून पोहायला लागतो, मिनिटभरात मंदावतो, मग थांबतो. वर कव्हर स्लिप, त्यावर तेलाचा थेंब, आणि शंभर पटीचं भिंग तेलाला टेकेपर्यंत खाली. फोकसचं चाक बारीक फिरवत गेलं की वरची कातडी, तिच्याखाली स्नायू, मग आतडं, मग बीजकोश असे थर एकामागून एक उघडत जातात. चिरफाड नाही, रंग नाही. हात नवखा असेल तर कव्हर स्लिप ठेवतानाच कृमी फुटतो.

दीड वर्षं, दिवसातून दोनदा चार तास

सिडनी ब्रेनर यांनी १९६३ साली केंब्रिजमध्ये हा प्राणी निवडण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांच्या गटातल्या जॉन सल्स्टन यांनी पेशी मोजायला घेतल्या, आणि नुसत्या मोजायला नाही तर प्रत्येकीची वंशावळ लिहायला: कोणती पेशी कोणापासून, केव्हा, शरीरात कुठे जन्मली आणि पुढे तिचं काय झालं. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्याबरोबर त्यांनी अंड्याबाहेरच्या वाढीची वंशावळ १९७७ साली प्रसिद्ध केली. अंड्यातली वंशावळ जास्त किचकट. एका पेशीपासून पूर्ण अळी तयार व्हायला जेमतेम चौदा तास लागतात आणि त्या घाईत पेशी एकमेकींवरून सरकत जातात. सल्स्टन दीड वर्षं रोज दोन बैठका घालत होते, प्रत्येक बैठक चार तासांची. एका डोळ्याने भिंगात पाहायचं आणि रंगीत पेन्सिलीने कागदावर खुणा करायच्या. एका अंड्यातल्या सगळ्या पेशींवर नजर ठेवणं कोणालाच शक्य नाही, म्हणून एकेका अंड्यात एकेक फांदी पाहून तुकडे जोडत गेले. संपूर्ण वंशावळ १९८३ साली छापून आली.

त्या वंशावळीचे आकडे असे. अंड्यात ६७१ पेशी जन्मतात, त्यातल्या ११३ मरतात, बाहेर पडणाऱ्या अळीत ५५८ उरतात. पुढची वाढ धरली तर एकूण जन्म १,०९०, मृत्यू १३१, शिल्लक ९५९. (इथे पेशी म्हणताना खरं तर केंद्रकं मोजलेली आहेत, कारण काही पेशी एकमेकींत मिसळून जातात, आणि बीजपेशी या मोजणीत धरलेल्या नाहीत.) हे सगळं उभयलिंगी कृमीचं, नराच्या पेशी १,०३१.

माणसाचा हिशेब शेजारी मांडला की फरक लक्षात येतो. आपल्या शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी आहेत, कृमीच्या सुमारे ३,९०० कोटी पट. मग जनुकंही तेवढ्या पटीने जास्त असतील? मुळीच नाही. कृमीत सुमारे २०,००० जनुकं, माणसातही सुमारे २०,०००. त्यातली पुष्कळशी दोघांत एकाच घराण्यातली आहेत. कृमी आपल्याला उपयोगी पडतो तो याच जोरावर: सामान जवळजवळ तेच, घर मात्र ९५९ विटांचं.

१३१

वंशावळ हातात आल्यावर पहिला आकडा खुपला तो १३१चा. या पेशी जन्मतात आणि मरतात, आणि मरतात त्याही ठरलेल्या. कोणती मरणार, किती मिनिटांनी, हे आधीच सांगता येतं. नोमार्स्कीच्या भिंगाखाली मरणारी पेशी आकसून चकचकीत गोल बटणासारखी दिसते आणि तासाभरात शेजारीण तिला गिळून टाकते.

मग एक म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेला, कृमी सापडला. ‘सेड-३’ हे एक जनुक बिघडलं आणि जवळजवळ एकही पेशी मरेना. हॉर्विट्झ आणि त्यांच्या विद्यार्थिनी हिलरी एलिस यांनी १९८६ साली ते दाखवलं. कृमी चालतो, खातो, अंडी घालतो. मोजायला बसावं तर शंभराहून जास्त पेशी जादा. ९५९ हा आकडा पक्का नसता तर हा बिघाड कोणाच्या लक्षातही आला नसता. पुढे माणसातही या जनुकाचे भाईबंद सापडले. आपल्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी याच यंत्रणेने मरतात, आणि ज्या मरायला नकार देतात त्यांतून कर्करोग उभा राहतो. या कामासाठी ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ साली नोबेल मिळालं.

२२

अवयवाची घडण कशी चुकते हे पाहायला कृमीतला सगळ्यात सोयीचा अवयव म्हणजे अंडी बाहेर टाकण्याचं दार, म्हणजे योनिद्वार. ते २२ पेशींचं असतं. पोटाच्या कातडीत सहा पेशी ओळीने उभ्या असतात आणि सहाही दार होण्याच्या लायकीच्या असतात. त्यांच्या वर बीजकोशात एकच पेशी बसलेली असते, तिला नांगरपेशी म्हणू. ती ‘लिन-३’ नावाचं प्रथिन सोडते. जी पेशी तिच्या थेट खाली असते तिला संदेश सगळ्यात जोरात पोचतो, तिची संतती ८. दोन बाजूच्या दोघींना थोडा कमी, त्यांची संतती प्रत्येकी ७. आठ आणि चौदा, बावीस. उरलेल्या तिघी कातडीत मिसळून जातात.

लेसरच्या किरणाने ती एक नांगरपेशी जाळली तर दार होतच नाही. संदेश घेणारं जनुक बिघडलं तरी तेच. अशा कृमीत अंडी आतच फुटतात, पिल्लं आईच्या पोटात वळवळतात आणि तिला आतून खाऊन बाहेर पडतात. पेट्री डिशमध्ये असा कृमी साध्या भिंगाने ओळखू येतो: कातडीची पिशवी आणि आत पिल्लांची गर्दी.

उलटा बिघाडही होतो. संदेश बंदच होत नाही आणि ज्या तिघींनी मुकाट कातडीत मिसळायचं त्याही दार होऊ लागतात. पोटावर एकाच्या जागी तीन-चार फुगवटे येतात. ‘लेट-६०’ या जनुकात असा एक प्रसिद्ध बदल आहे, आणि त्यासाठी १० कोटी अक्षरांतलं फक्त एक अक्षर बदलतं. आपल्या किलोमीटरभर कृमीत सांगायचं तर ३४ किलोमीटर धाग्यावर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागेत झालेली चूक, आणि तिचा परिणाम म्हणून किलोमीटरभर अंगावर कैक मीटरचे उंचवटे. ‘लेट-६०’ हे माणसातल्या ‘रास’ जनुकाचं कृमीतलं रूप. कृमीतला हा बदल प्रथिनात १३व्या जागी होतो. माणसाच्या पुष्कळ कर्करोगांत ‘रास’ नेमकं १२व्या किंवा १३व्या जागी बिघडलेलं असतं.

याच दाराच्या अभ्यासातून आणखी एक शोध लागला. ‘लिन-४’ बिघडलेल्या कृमीला दार येत नाही, कारण त्याचं अंग बालपणातच अडकतं आणि पहिल्या अवस्थेतली पेशींची विभाजनं पुन्हा पुन्हा करत राहतं. व्हिक्टर अँब्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक शोधायला घेतलं तेव्हा प्रथिन हाती लागेना. १९९३ साली उलगडा झाला: ‘लिन-४’मधून प्रथिन तयारच होत नाही, जेमतेम २२ अक्षरांचा आरएनएचा एक तुकडा निघतो आणि तो दुसऱ्या जनुकाचा आवाज दाबतो. गॅरी रुवकुन यांनी तो दाबला कसा जातो हे दाखवलं. माणसात असे तुकडे शेकड्यांनी आहेत, हे नंतर कळलं. २०२४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं.

१ पेशी, २ किलोमीटर

कृमीला मूत्रपिंड नसतं. अंगातलं जादा पाणी बाहेर टाकायचं काम एक पेशी करते आणि ती त्याच्या शरीरातली सगळ्यात मोठी पेशी आहे. डोक्याजवळ तिचं धड, तिथून इंग्रजी एच अक्षरासारखे फाटे निघतात आणि दोन्ही कुशींतून जवळजवळ शेपटापर्यंत जातात. आपल्या मापात एकाच पेशीचे दोन बोगदे, प्रत्येकी जवळपास किलोमीटरभर, आतला व्यास मीटर-दोन मीटर, आणि सगळीकडे सारखा.

तो सारखा राहतो कसा, हे कळलं तो बिघडलेल्या कृमींवरून. ‘एक्स’ नावाच्या जनुकांच्या गटातलं एखादं बिघडलं की बोगदा जागोजागी फुगतो. नोमार्स्कीच्या भिंगात सरळ नळीच्या जागी पाण्याच्या फुग्यांची माळ दिसते. काही म्युटंटांत एकच मोठा फुगा अंगाची निम्मी रुंदी व्यापतो. माणसाच्या मूत्रपिंडात गाठी होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, त्यातही बारीक नळ्याच फुगतात. त्या आजाराच्या जनुकांचे कृमीतले भाईबंद १९९९ साली नराच्या चेतापेशींत सापडले.

माणसाच्या मूत्रपिंडाला मात्र असा पक्का आकडाच नाही. निरोगी माणसांतही एका मूत्रपिंडात गाळणीची एककं दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत असू शकतात. तिथे पाच हजार कमी पडली तर डॉक्टरला कळणार कसं? कृमीत एकचा दोन झाला तरी कळतं.

२० आणि मुंबई

आतड्याचे आकडेही असेच नेमके. अंड्यात आठ पेशी झाल्या की त्यातली एक, तिचं नाव ‘ई’, आतड्याची एकमेव आई ठरते. पुढे तिच्या पोटी २० पेशी जन्मतात आणि पूर्ण आतडं तेवढंच. ‘स्कन-१’ बिघडलं तर आतडं नाही. ‘पॉप-१’ बिघडलं तर ‘ई’ची बहीणही आतडंच करत बसते, आणि जिचं मुख्य काम घशाचं ती शाखा नाहीशी होते. ‘फा-४’ बिघडलं तर घसाच तयार होत नाही. अळी अंड्यातून बाहेर येते, सभोवार अन्न असतं, आणि ती उपाशी मरते.

आतड्याच्या या वीस पेशींवरचं एक महत्त्वाचं काम मुंबईत झालं. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तिथे पी. बाबू यांनी हा कृमी हाती घेतला. ब्रेनर यांचा कृमीच्या आनुवंशिकीवरचा पायाभूत लेख १९७४चा, आणि कृमीच्या जैवरसायनी आनुवंशिकीवरचा बाबूंचा लेखही १९७४चाच. म्हणजे जगात हे शास्त्र उभं राहत होतं तेव्हाच मुंबईतही ते चालू होतं.

बाबूंनी धरलेला धागा प्रकाशाचा होता. अतिनील प्रकाशात या कृमीचं आतडं आपोआप निळसर चमकतं. ज्या म्युटंटांत ही चमक बदलते ते सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं पाहून वेगळे काढता येतात. त्यांतल्या काहींत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पचवण्याच्या साखळीतलं एक विकर बिघडलेलं असतं, हे शाहिद सिद्दिकी आणि बाबू यांनी १९८० साली दाखवलं. त्याच वर्षी या दोघांचा दुसरा लेख ‘सायन्स’मध्ये आला: असे कृमी, ज्यांच्या एकाच आतड्यात काही पेशी मूळ चमकीच्या आणि काही बदललेल्या. वीसही पेशींची वंशावळ ठाऊक असल्यामुळे चमकीच्या ठिगळांवरून मागे जात कितव्या पिढीच्या पेशीत बदल झाला हे ताडता येतं. चमकणारी प्रथिनं घालून पेशी रंगवण्याची पद्धत कृमीत रुळली ती १९९४नंतर, मार्टिन चाल्फी यांच्या कामामुळे. मुंबईतल्या मंडळींनी त्याच्या चौदा वर्षं आधी कृमीची स्वतःचीच चमक कामाला लावली होती.

८१० कोटी

इतके म्युटंट येतात कुठून? कृमी उभयलिंगी असल्याने एकटाच सुमारे ३०० पिल्लं देतो. पिढी साधारण साडेतीन दिवसांची. अन्न आणि जागा मुबलक मिळाली तर एका कृमीपासून दुसऱ्या पिढीत ९०,०००, तिसरीत २ कोटी ७० लाख आणि चौथीत ८१० कोटी. जवळपास जगाच्या लोकसंख्येएवढे, दोन आठवड्यांत.

ईएमएस नावाचं रसायन कृमींना दिलं की डीएनएतली अक्षरं बदलतात. ब्रेनर यांच्या मात्रेने एखादं ठराविक जनुक बिघडण्याची शक्यता दर २,००० जननपेशींमागे एक. माणसांत किंवा म्हशींत असा शोध घेणं अशक्य. कृमीत मात्र टेबलावरच्या काही पेट्री डिशमध्ये हजारो नातवंडं वाढतात आणि तारेचं टोक हातात धरून एकेक निवडता येतं. १९७४च्या लेखात ब्रेनर यांनी असे सुमारे ३०० म्युटंट मांडले, त्यातून १००च्या आसपास जनुकं निश्चित झाली. निवडलेला वाण नको तेव्हा गोठवून ठेवता येतो आणि वर्षांनी वितळवला तरी वळवळायला लागतो.

३०२, आणि ताशी साडेतीन किलोमीटर

९५९ पेशींतल्या ३०२ चेतापेशी. जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी कृमीचे काप घेतले, एकेक सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा, आपल्या मापात पाच सेंटिमीटरचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढत त्यांनी एकेक चेतातंतू हाताने जुळवला. १९८६ साली ३४० पानांचा लेख आला: सुमारे ५,००० रासायनिक जोड, ६०० थेट जोड आणि स्नायूंशी २,००० जोड. कोणत्याही प्राण्याच्या मज्जासंस्थेचा हा पहिला पूर्ण नकाशा. माणसाच्या मेंदूत अशा ८,६०० कोटी चेतापेशी आहेत.

या तंतूंतून मालाची वाहतूक कशी होते, हे आज मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट बघतो. स्पर्शाची चेतापेशी आपल्या मापात अर्धा किलोमीटर लांब, आणि तिच्यातून बारीक पिशव्या पेशीच्या धडापासून टोकाकडे जातात. ओढणारं प्रथिन आठ नॅनोमीटरची पावलं टाकतं, सेकंदाला सव्वाशेच्या आसपास, म्हणजे एका सेकंदात साधारण एक मायक्रॉन. किलोमीटरभर कृमीत हा वेग सेकंदाला एक मीटर, ताशी साडेतीन किलोमीटर: हमालाने ओझं घेऊन चालावं तेवढा. ही चाल जिवंत कृमीत पाहता यावी म्हणून या गटाने भूल न देता कृमीला हलकेच दाबून धरणारी बारीक पारदर्शक नळीची चिप वापरली, कारण भुलीच्या औषधाने वाहतुकीवरही परिणाम होतो.

‘अंक-१०४’ बिघडलेल्या कृमीत हा हमालच नसतो. पिशव्या पेशीच्या धडात साचतात, टोकं रिकामी राहतात आणि कृमी जागच्या जागी लुळा पडतो. माणसात त्याच प्रथिनाचं नाव केआयएफ१ए. ते बिघडलं की मुलांना चालणं, तोल, कधी दृष्टी आणि बुद्धी यांचे त्रास होतात. अशा मुलाच्या मेंदूत कोट्यवधी पेशींपैकी नेमक्या किती अडल्या हे कोणी मोजू शकत नाही. कृमीत त्या पेशीला नाव आहे, तिची आई ठाऊक आहे, ती कोणत्या तासाला जन्मली हे ठाऊक आहे, आणि तिच्यातून पिशवी सेकंदाला किती सरकायला हवी तेही. आजाराचं मूळ शोधताना हाच फायदा सगळ्यात मोठा ठरतो: किती असायला हवं हे आधी माहीत असेल तरच किती चुकलं हे सांगता येतं. ४४ वर १९ शून्यं हा आकडा चारचौघांत सांगायला बरा, पण २००२पासून कृमीवरच्या कामांना चार वेळा नोबेल मिळालं, त्यातलं पहिलं ९५९ नीट मोजल्यामुळे.